कंडक्टरकाकूंचा कॅमेरा

लिफ्टमध्ये शिरल्या की काकू दाराला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "आत सरका, आत जागा आहे." लिफ्टमध्ये त्या आणि मी असे दोघेच असलो तरी हे ठरलेलं. मीही मुकाट्याने आरशाला जाऊन चिकटायचो. एसटीत उभी हयात कंडक्टरकी केलेल्या बाईशी वाद घालून कोणाचं भलं झालंय? सटाणा, नामपूर, मालेगाव या रस्त्यांवरची अर्धी माणसं त्यांनी कधी ना कधी आत सरकवलेली होती. सोसायटीत त्यांना सगळे तोंडावरच कंडक्टरकाकू म्हणत आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे.

तुमच्याही इमारतीत अशी एखादी बाई असेल. कोणाची गाडी आडवी लागली, कोणाचा नळ गळतोय, हे सेक्रेटरीच्या आधी तिला कळतं. नाशिकमधली आमची इमारत दहा मजली. सगळ्यात वरच्या मजल्यावर समोरासमोर आमची दारं. त्यामुळे माझ्या घरातलं त्यांना जरा जास्तच कळायचं.

त्यांचे यजमान ओझरच्या कारखान्यात होते. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बोलण्यातला एकच शब्द शिल्लक राहिला, "हाव". बागलाणातला हा होकार. पण त्यांना भूक लागली तरी हाव, नको असलं तरी हाव, दुखत असलं तरी हाव. काकू त्या एका शब्दावर अख्खं संभाषण चालवायच्या. आमच्याशी शहरी मराठीत बोलणारी ही बाई त्यांच्याशी मात्र अहिराणीतच बोलायची.

काकू भाजी आणायला गेल्या की त्यांच्याजवळ कोण बसणार? म्हणून मालेगावच्या जावयाने पलंगासमोरच्या कपाटावर एक छोटा कॅमेरा लावून दिला. तेव्हापासून काकू भाजी बाजारात एका हातात मेथीची जुडी आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून उभ्या दिसायच्या. मोबाइलवर यजमान दिसत. मधूनच त्या मोबाइलला सांगायच्या, "मी आत्ते येस," म्हणजे आत्ता येते, आणि तो आवाज घरी कॅमेऱ्यातून निघायचा. भाजीवाली आधी दचकायची. नंतर तीही मोबाइलमध्ये डोकावून यजमानांना रामराम करू लागली.

तर अशा या घराच्या खिडकीबाहेर, छज्ज्यावरच्या सिमेंटच्या लांबट कुंडीत एक पक्ष्यांचं जोडपं राहायला आलं. कुंडीत पूर्वी पुदिना असायचा. यजमान पडल्यापासून तिला पाणी घालायला कोणाला सवड नव्हती, त्यामुळे नुसती माती आणि खडी उरली होती. आम्हाला वाटलं घारी असतील. मग पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एक मॅडम दुर्बीण घेऊन आल्या आणि त्यांनी सांगितलं की हे शाहीन ससाणे आहेत. एरवी ते त्र्यंबककडच्या कड्यांवर राहतात, पण त्यांच्या लेखी आपली इमारत हाही कडाच आणि खाली कबुतरं हवी तेवढी. त्यांना त्रास द्यायचा नाही, खायला घालायचं नाही आणि ती खिडकी उघडायची नाही, एवढं मॅडमनी बजावलं.

पहिला तंटा पितृपक्षात झाला. गच्चीवर पानं ठेवून माणसं हात जोडून उभी आणि एकही कावळा फिरकेना. ससाण्यांच्या धाकाने कावळ्यांनी आमची गच्चीच सोडली होती. सेक्रेटरी तणतणत काकूंच्या दारात आले, जणू पाहुणे काकूंनीच बोलावले होते. काकूंनी शांतपणे सांगितलं की शेजारच्या इमारतीवर पान ठेवा, तुमच्या वडिलांना एक स्टॉप अलीकडे उतरायला काय होतंय. सेक्रेटरींचे वडील त्या वर्षी शेजारच्या इमारतीवर जेवले.

यजमान मात्र बेचैन झाले होते. पंखांचा आवाज यायचा, काचेवरून सावली जायची, पण पलंगावरून कुंडी दिसत नव्हती. ते खिडकीकडे मान वळवून हाव हाव करायचे. शेवटी काकूंनी कपाटावरचा कॅमेरा काढला, खिडकीच्या आतल्या ग्रिलला बांधून काचेतून कुंडीकडे वळवला आणि जावयाकडून तो टीव्हीला जोडून घेतला. आता यजमान दिवसभर पडल्या पडल्या ससाणे बघायचे. मॅडमसाठी जावयाने जी लिंक काढून दिली, ती सोसायटीच्या ग्रुपवर गेली आणि आम्ही सगळेच बघू लागलो.

बाजारात आता यजमानांऐवजी पक्षीच दिसतो, मग काका ठीक आहेत हे कसं कळतं, असं मी एकदा विचारलं. काकू म्हणाल्या की तो दिसतोय म्हणजे हेही त्यालाच बघतायत. या उत्तरात काही अर्थ नव्हता. पण त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जरा हुशारी दिसली, म्हणून मीही मान डोलावली.

संक्रांतीच्या सुमारास मादीने तीन अंडी घातली. ती बसून राहायची आणि आकाराने लहान असलेला नर शिकार आणून द्यायचा. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या आभाळात पतंगांची गर्दी. नायलॉनच्या मांजावर बंदी आहे म्हणतात. ज्याला हवा त्याला तो मिळतो हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. एका दुपारी नर कुंडीच्या काठावर येऊन बसला, तेव्हा त्याच्या पंखातून दोरा लोंबत होता. आम्ही सगळे आपापल्या मोबाइलवर ते बघत होतो. तो उडाला, दोरा खालच्या मजल्याच्या पाइपाला अडकला आणि तो तिथेच उलटा लटकला. अग्निशमनवाले आले, त्यांनी त्याला जिवंत सोडवला. पंख मात्र कापला गेला होता. मॅडम त्याला उपचाराला घेऊन गेल्या आणि दोन दिवसांनी त्यांनी कळवलं की तो आता उडणार नाही.

आता मादी एकटी. ती शिकारीला गेली तर अंडी गार पडणार, न गेली तर तीच उपाशी मरणार. काकूंनी मॅडमना फोनवर फोन केले. मॅडमचं एकच म्हणणं होतं की आपण मधे पडायचं नाही. काकूंना हे पटणं शक्य नव्हतं. रस्त्यात एसटी बंद पडली तरी बाया-बापड्यांना दुसऱ्या गाडीत बसवून दिल्याशिवाय ही बाई हलत नसे.

आणि मग त्यांनी ते केलं. काकू माळकरी. घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ काढून देवापुढे ठेवली, पिशवी घेतली आणि चिकनच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. किती देऊ, असं दुकानदाराने विचारल्यावर म्हणाल्या, "एका बाळंतिणीला पुरेल एवढं." घरी येऊन त्यांनी ते हळद-मीठ लावून जुन्या पातेल्यात मऊ शिजवलं. बाळंतिणीला कच्चं कोण देतं? आम्हाला मोबाइलवर दिसलं ते एवढंच: खिडकीची काच सरकली, हिरव्या बांगड्यांचा एक हात चित्रात आला आणि त्या हाताने कुंडीच्या काठावर ताटली ठेवली. ताटलीत पिवळे तुकडे होते आणि त्यातून वाफ निघत होती.

मादी फडफडून उठली आणि गेली.

ग्रुपवर जे काही उसळलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ज्यांना कालपर्यंत ससाणा आणि घार यातलं काही कळत नव्हतं तेही काकूंना शिकवू लागले. मी समोर गेलो, तर काकू टीव्हीपुढे बसल्या होत्या. टीव्हीवर तीन अंडी आणि ती ताटली. पुन्हा खिडकी उघडून ताटली काढायचीही सोय नव्हती. यजमान टीव्हीकडे बघत होते आणि त्या दिवशी ते हावसुद्धा म्हणाले नाहीत.

संध्याकाळी ती परत आली. तिने ताटलीकडे पाहिलंही नाही. खडीत पाय रोवून ती अंड्यांवर बसली आणि बसूनच राहिली. मधूनच जायची, कबूतर मारून खायची, पुन्हा येऊन बसायची. पिल्लं निघायची वेळ आली आणि उलटूनही गेली. मॅडम म्हणाल्या की अंडी केव्हाच गार झालीत. नर गेल्यापासून तिला उठावंच लागत होतं, त्यामुळे खिडकी उघडल्यानेच झालं असं म्हणता येणार नाही. काकूंनी ते ऐकून घेतलं. माळ देवापुढेच होती, ती त्यांनी पुन्हा घातली नाही.

ऊन तापायला लागलं तरी मादी बसलेलीच. मला ते बघवेना. मी एकदा म्हणालो, "हिला कळत कसं नाही, काकू?"

त्या यजमानांचे पाय चोळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "कळतं हो. पण इतके दिवस बसल्यावर उठायचं कसं, ते नाही कळत."

मी विषय बदलला. 

एका सकाळी ती उठली आणि परत आली नाही. मॅडम येऊन अंडी घेऊन गेल्या. त्याच सुमारास यजमानांना घास गिळता येईना. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं, आणि त्याचा अर्थ काय ते काकूंना बरोबर समजलं. औषधांसाठी सारखं खाली जावं लागायचं, म्हणून त्यांनी ग्रिलचा कॅमेरा सोडला आणि पुन्हा कपाटावर लावला. लिंक तीच होती. ती अजून सगळ्यांकडे आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

ससाणी परतली का बघावं म्हणून मी दुपारी मोबाइल उघडला, तर समोर काकू. पलंगाच्या कडेला बसून त्या चमच्याने पाणी पाजत होत्या. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून खाली येत होतं. त्या ते पदराने टिपायच्या, पुन्हा चमचा भरायच्या आणि अहिराणीत हळूच काहीतरी सांगायच्या. खाली आकडा दिसत होता, माझ्यासारखे आणखी बरेच जण बघत होते. ग्रुपवर कोणी एक अक्षर लिहिलं नव्हतं. मी मोबाइल बंद करून समोरचं दार वाजवलं आणि कसंबसं सांगितलं की काकू, कॅमेरा चालू आहे, हे सगळ्यांना दिसतंय.

काकूंनी कपाटाकडे पाहिलं. मला वाटलं रागावतील, धावत जाऊन वायर ओढतील. त्या तशाच उभ्या राहिल्या. "बघू द्या," त्या म्हणाल्या. "तिलाही बघतच होतो ना आपण सगळे."

मग पदर सारखा करून म्हणाल्या, "आलाच आहात तर जरा बसा यांच्याजवळ. किती दिवसांत डोक्यावरून पाणी घेतलं नाही मी."

मी आत जाऊन कॅमेऱ्याची वायर काढली आणि पलंगाजवळच्या खुर्चीवर बसलो. यजमानांचा डावा हात चादरीवर होता. तो धरावा की नाही ते मला कळेना, म्हणून मी चादरच नीट केली. न्हाणीघरात बादली भरल्याचा आवाज आला, मग तांब्यांमागून तांबे ओतल्याचा. नंतर पाण्याचा आवाज थांबला. काकू मात्र बाहेर आल्या नाहीत, आणि आतून जो आवाज येऊ लागला तो पाण्याचा नव्हता. यजमानांनी मान दाराकडे वळवली. त्यांना ऐकू येत होतं. त्यांना उठता येत नव्हतं, मला उठवत नव्हतं. आम्ही दोघे त्या बंद दाराकडे बघत बसलो.