टपालाचं मत आणि वरवंट्याचा कौल

साठच्या दशकातली गोष्ट. हे आफ्रिकेतल्या भारत सरकारच्या कचेरीत कारकून होते. अशा नोकराला आणि बरोबर राहणाऱ्या त्याच्या बायकोला गावाकडच्या विधानसभेच्या निवडणुकीत टपालाने मत देता येई. एका सकाळी दोन जाड लिफाफे आले, एक यांच्या नावाचा, एक चक्क माझ्या. माझ्या नावाचं सरकारी पत्र मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

पाठोपाठ मालवणहून सासऱ्यांचं पत्र. उमेदवार दोन, यांचे सख्खे मामा आणि गावच्या शाळेचे मास्तर. सासऱ्यांनी ग्रामदेवतेला कौल लावला होता, देवाने उजवा, म्हणजे होकाराचा, दिला होता, तेव्हा दोन्ही मतं मामांना. पुरावा म्हणून कौलाची सुकलेली पाकळीही पाठवली होती.

माझं माहेरही त्याच गावातलं. "चेडवाक शिकवन काय करतलास?" असं वडिलांना सांगून सातवीनंतर माझी शाळा सोडवली ती याच मामांनी. मास्तर तेव्हा घरी येऊन वडिलांशी भांडले होते. माझं मत मास्तरांनाच जायला हवं होतं. पण हे पेन उघडून बसले.

"दोनय कागद हय आण. खुणा मीच करतंय."

"थंयचो कौल थंय," मी म्हटलं. "हय परत इचारूया."

बायकांनी कौल लावायचा नसतो, असं यांनी म्हणून पाहिलं. पण आफ्रिकेत गुरव कुठून आणणार? पाट्यावर वरवंटा उभा केला, तोच देव. दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली की देवाचा होकार. उजवी मी पाण्याने लावली, डावी पेजेने. आता कबूल करायला हरकत नाही.

मग हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, जेचां मत तेनांच देवचां असात, तर उजवो कौल दी!"

"व्हय म्हाराजा!" हे सवयीने ओरडले आणि मग जीभ चावली. तेवढ्यात उजवी पाकळी पडलीसुद्धा.

हे आपला कागद घेऊन मुकाट्याने पडवीत गेले. मी मास्तरांच्या नावापुढे खूण केली. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

मास्तर पडले. दोन वर्षांनी आम्ही रजेवर गावी गेलो, तेव्हा मामा भेटायला आले. ओटी माणसांनी भरलेली. सासूबाई माजघराच्या दारात उभ्या होत्या.

"तुमची दोनय मतां माका पावली हां!" मामा खुशीत म्हणाले.

हे माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. नुसती मान हलवली असती तर भागलं असतं.

"दोन नाय मामांनू, एकच," मी म्हटलं. "दुसरां माजां होतां. तां मी मास्तरांक दिलंय."

सासरे खाकरले, मामांनी पानाचं तबक पुढे ओढलं. आजवर सासरे दाखवतील तिथेच मत देत आलेल्या सासूबाई दारातूनच म्हणाल्या,

"गो, फुडली निवडणूक कधी आसा?"