वेगळ्या फ्रिजमधल्या पिशव्या

रक्तपेढीतल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ बाईंना सगळे स्वेटरकाकू म्हणत. फ्रिजच्या खोलीत ये-जा करून त्यांच्या अंगावर स्वेटर कायमचाच चढला होता. घरीसुद्धा त्या प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी डकवत. "माझ्यावर नको चिकटवूस, मुदत संपलेली निघेल," असं नवरा म्हणाला, की काकू म्हणत, "तुमची तपासणी लग्नाआधीच करायला हवी होती."

त्या दिवशी परवान्याच्या नूतनीकरणासाठी निरीक्षक बाई आल्या होत्या. परवाना अडला तर पेढीला टाळं, आणि शेजारच्या प्रसूतिगृहाला रक्तासाठी दुसऱ्या गावी धाव. तरी काकू निर्धास्त होत्या. रोज करतो तेच दाखवायचं, त्यात घाबरायचं काय?

निरीक्षक बाई भिंतीवरचा तापमानाचा आकडा बघत होत्या, तेवढ्यात काकूंनी मोठा फ्रिज उघडला आणि त्या थबकल्याच. चाचण्या होऊन लेबल लागलेल्या पिशव्यांच्या शेजारी कालच्या शिबिरातल्या, अजून न तपासलेल्या पिशव्या ओळीने मांडलेल्या! त्या वेगळ्या फ्रिजमध्येच राहायला हव्यात, असा नियम.

"मामा, हे कुणी केलं?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"मीच की, आज सकाळी," साफसफाईचे मामा खुशीत कुजबुजले. "त्या फ्रिजला आतून गंज चढलाय. म्हटलं, रिकामा केला की बाईंना उघडून दाखवायला नको." काकूंचा चेहरा बघून ते वरमले. "लावून टाका दार. त्यांचं लक्ष नाहीये."

काकूंनी दार सताड उघडलं.

"बाई, जरा इकडे या. आमची चूक झालीये. न तपासलेल्या पिशव्या इथे आल्यात. सकाळपासून इथून एकही पिशवी दिलेली नाही. आता प्रत्येक लेबल पडताळेपर्यंत देणारही नाही."

मामांनी कपाळाला हात लावला. काकूंनी एकेक पिशवी वेगळी काढली आणि उरलेल्या प्रत्येकीचं लेबल चाचणीच्या निकालाशी ताडून पाहिलं. निरीक्षक बाई शेवटपर्यंत शेजारी उभ्या होत्या.

"मला दिसलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "कशाला सांगितलंत?"

"आज तुम्हाला दिसलं नाही. उद्या मलाही दिसलं नाही तर?"

निरीक्षक बाई हसल्या. "त्या वेगळ्या फ्रिजला कुलूप हवं. ते लागलेलं बघते, आणि मगच परवान्याची शिफारस करून निघते."

मामा पायात चपला सरकवून दाराशी पोचलेही होते. तिथून त्यांनी विचारलं, "काकू, एक किल्ली माझ्याकडे राहू दे?"

"कुलूप आणा आधी," काकू म्हणाल्या. "किल्ल्या कुणाकडे नकोत, ते मला पक्कं माहितीये."