ताप चढवणारी डॉक्टर

एक पडदा पिळून झाला होता, दुसरा अर्धवट पिळलेला बादलीत टाकून बालवाडीच्या बाई ओल्या हातांनीच चपला शोधू लागल्या.

"म्हणजे उरलेले माझ्या गळ्यात!" सासूबाई म्हणाल्या. "आज कुणाचं सोंग?"

"डॉक्टरचं, आई. एका मुलीची आई येतेय."

"चला, एकदाचं शहाण्यासारखं काहीतरी!"

बाईंची रीतच तशी. दर आठवड्याला कुठलंतरी काम करणारं एक माणूस वर्गात आणायचं, आणि त्याच्या हातांतून पोरांना विज्ञानही दाखवायचं, कलाही. सुतार आला तेव्हा रंध्याखालच्या कुरळ्या ढलप्या मुलांच्या चित्रांत केस होऊन बसल्या होत्या. त्यातच वर्गातली सगळ्यांत अबोल मुलगी एके दिवशी आपणहून म्हणाली, "माझी आई डॉक्टर आहे." तिला सोडायला आजी यायची, आई शाळेत कधी आलेली नव्हती. बाईंनी आजीजवळ निरोप धाडला, "कामाचं सामान घेऊन यायला सांगा."

आई आली. हातात इस्त्री.

"ए, ही तर कोपऱ्यावरची इस्त्रीवाली मावशी!" एक चिमुरडी ओरडली. "खोटारडी! खोटारडी!"

वर्ग खिदळला. मुलीचा ओठ थरथरला. "पण दुकानात आईचे पांढरे कोट आहेत ना... खूप आहेत..."

बाईंच्या आत्ता लक्षात आलं. दवाखान्यातले कोट इस्त्रीला येत असणार, आणि लेकराला वाटलं, सगळे आईचेच! आता ही जी गप्प होईल ती कायमचीच. देवा, काहीतरी सुचव, असं त्या मनात म्हणताहेत तोच इस्त्रीवालीनं लाल झालेला चेहरा पुसला आणि लेकीला जवळ ओढलं.

"खोटं कशाला बोलेल ती? डॉक्टरच मी. कपड्यांची! माणसांचे डॉक्टर ताप उतरवतात, मी चढवते!"

बाईंनाच आधी हसू फुटलं. मग सगळ्यांनाच.

मुलांना लांब बसवून तिनं तापल्या इस्त्रीवर पाणी शिंपडलं. चर्रर्र!

"पाणी कुठं गेलं?" बाईंनी विचारलं.

"पळालं!"

"भाजलं!"

"वर गेलं," अबोल मुलगी म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले तरी ती थांबली नाही. "वाफ झाली. आमच्या खिडकीला लागते, मग परत पाणी होतं. मी त्यावर बोटानं मांजर काढते."

झालं! खिडकीच्या काचेवर हा हा करून तोंडाची वाफ सोडत अख्खा वर्ग मांजरं काढत सुटला. नंतर आईनं कागदाचे सदरे घडी घालायला शिकवले. खोटारडी म्हणणारी चिमुरडी आपला सदरा घेऊन मुलीकडेच आली. "माझ्या बाह्या नीट कर ना गं."

देव माणसाच्या तोंडून बोलतो म्हणतात, ते काही उगाच नाही.

घरी पडदे वाळले होते, पण पार चुरगळलेले. सासूबाईंचा पिळा!

"काय, आली का डॉक्टरीण?"

"आली ना. आता या पडद्यांना तिच्याकडेच नेते."

पडदे काखेत मारून बाई कोपऱ्यावर इस्त्रीला टाकायला निघाल्या.