मार्गारेटाची जागा

आमच्या शोहारीच्या खोऱ्यात आपोलोनिया लाउक्ससारखी हट्टी बाई दुसरी नव्हती. ऱ्हाइनकाठचं गाव फ्रेंच सैन्याने जाळलं, तेव्हा ती नवरा व्हेल्टन आणि दोन लेकींना घेऊन समुद्रापारच्या या नव्या मुलुखाच्या जहाजात बसली. धाकटी वाटेतच तापाने गेली. तिला समुद्रात सोडावं लागलं. थोरली मार्गारेटा इथल्या पहिल्याच हिवाळ्यात गेली. पीठ संपलं होतं. इथल्या मूळच्या मोहॉक लोकांच्या बायकांनी दाखवलेले रानातले कंद खाऊन आम्ही सगळेच दिवस काढत होतो, पण पोरीचं अंग ते सोसेना. ओढ्याच्या काठी तिला पुरलं.

मग दोघांनी झाडं तोडली, बुंधे जाळले, घर उभं केलं. गहू पिकायला लागला तेव्हा ऑल्बनी शहरातले बडे लोक कागद घेऊन आले. जमीन आमची, म्हणाले. राहायचं तर कुळं म्हणून राहा.

व्हेल्टन भडकला. "पुन्हा मालकाची चाकरी? दक्षिणेला टुलपेहॉकेनला जाऊ, तिथे जमीन आपली होईल. ऊठ, सामान बांध!"

"तू जा," ती चुलीपुढून हललीसुद्धा नाही. "एक लेक पाण्यात सोडून आले. दुसरीला रानात टाकून येणार नाही."

तो खरंच गेला. ती कूळ म्हणून राहिली.

"नवऱ्याला हाकललं आणि मालकापुढे वाकली," शेजारची म्हातारी उर्सुला टोचायची.

"तुमच्या घरात कोण कोणापुढे वाकतं, ते बोलू का, उर्सुलाकाकू?"

एकटीने नांगरता नांगरता ती बांधावर बसून रडायची, ते मात्र मी पाहिलंय.

तिसऱ्या उन्हाळ्यात व्हेल्टन परतला. घोड्यावर छोटी पेटी बांधलेली. "तिकडे घर झालंय," तो म्हणाला. "पोरीलाही घेऊन जाऊ."

तिने पेटीचं झाकण उघडून पाहिलं. मग स्वतःच फावडं आणलं.

वसंतातल्या पुराने ओढ्याचा काठ खाल्ला होता. वरची माती आपोलोनियानेच पुन्हा भरली होती. खाली पोर असेल, या भरवशावर. दोघं कमरेइतकं खणत गेली. दगड आणि मुळ्या, बाकी काही नाही.

"पुरे गं," व्हेल्टन म्हणाला.

"अजून थोडं." तिचे हात सोलवटले होते. शेवटी त्यानेच तिला खड्ड्यातून वर ओढलं.

गहू काढून झाल्यावर ती त्याच्याबरोबर गेली.

पुढे मी माझ्या बहिणीकडे टुलपेहॉकेनला गेले, तेव्हा तिला भेटले. घर चांगलं होतं, गोठ्यात गाई होत्या.

"आमच्या त्या घरात कोण राहतं?" तिने विचारलं.

"नवं कूळ आलंय. थेट ओढ्याच्या काठापर्यंत जवस पेरतं."

ती पाव कापत होती. हात थांबला.

"चांगला येतो का?"

"चांगला येतो," मी म्हटलं. तिने मान हलवली आणि कापलेला तुकडा माझ्यापुढे सरकवला.