एकटीची फुगडी

आधीच सांगून टाकते, मी विज्ञान शिकवलं आहे. सुरतेतल्या मराठी माध्यमाच्या शाळेत, सातवी ते दहावी, रिटायर होईपर्यंत. दारावर लिंबू-मिरची टांगणाऱ्या शेजारणीशी भर गल्लीत वाद घातलेली बाई आहे मी. त्यामुळे या सदरात माझा अनुभव वाचून माझे जुने विद्यार्थी पोट धरून हसतील... हसू देत. जे बघितलं ते लिहिते, तिखटमीठ न लावता.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. आम्ही सुरतेच्या कडेला, भेस्तानला राहायचो. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याखाली सिमेंटची गल्ली. आमचे हे एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर होते. सासर अमळनेरकडचं, माझं माहेर कोल्हापूर. सासूबाईंची अहिराणी मला पहिलं वर्षभर अर्धीच कळायची आणि त्या बापड्या मी बहिरी असल्यासारखं ओरडून बोलायच्या. सगळे त्यांना माय म्हणायचे, मीही.

मायंना कंपवात झाला. हात थरथरायचे ते एक वेळ ठीक, पण पाय जमिनीला चिकटायचे. उंबऱ्याशी आल्या की उभ्याच. "चला ना" म्हटलं की वरचं अंग पुढे यायचं, पाय तिथेच. हळूहळू बोलणंही आटलं. सकाळी ओट्यावरच्या खुर्चीत बसवायचं आणि दुपारी उचलून आत आणायचं, एवढाच त्यांचा दिवस उरला होता.

त्यांची धाकटी बहीण गोदामावशी अमळनेरला असायची. अंगाने दणकट, तोंडाने त्याहून. दरवर्षी श्रावणात ती कानबाईला सुरतेला यायची. खानदेशी घरांत श्रावणातल्या एका रविवारी कानबाई देवी बसते, रोटांचा नैवेद्य होतो आणि सोमवारी सकाळी डफ वाजवत तिला बोळवतात. निघण्याआधी गल्लीत फुगड्या. आजारापूर्वी त्यात माय आणि गोदामावशीची जोडी ठरलेली. साठी उलटलेल्या दोघी, पण अशा मागे झुकून गरगर फिरायच्या की बघणाऱ्याला घेरी यावी.

त्या वर्षी वैशाखात गोदामावशी गेली. झोपेतच. ह्यांनी ठरवलं, मायंना सांगायचं नाही. धक्का बसेल, आहे तेवढंही चालणं जाईल. मी भांडले. त्यांच्या बहिणीचं मरण त्यांच्यापासून लपवणारे आपण कोण, असं म्हटलं. पण शेवटी गप्प बसले... आणि मग गप्प बसण्याच्याही पुढे गेले.

मावशीला लिहिता येत नव्हतं, तिचा नातू लिहायचा. मायंना वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवायची. त्यामुळे खोटं बोलणं फारच सोपं होतं. जुनं आंतरदेशीय पत्र समोर धरायचं आणि मनचं वाचायचं. पाऊस बरा आहे, म्हैस व्याली, गुडघे दुखतात. आषाढात माय रोज एकच विचारायला लागल्या, गोदी येणार ना? एका दुपारी मी कंटाळून वाचून टाकलं, "मी कानबाईले येसू. आपन फुगडी खेळसूत." माझी कोल्हापुरी अहिराणी ऐकून माय हसल्या, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. ते हसू मला अजून टोचतं.

कानबाईचा रविवार आला. मावशीची गाडी चुकली असेल, असं ह्यांनी सांगितलं.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास डफवाले आले. माय ओट्यावर खुर्चीत. मी आरतीचं ताट घेऊन चार पावलांवर, हे कानबाईच्या चौरंगापाशी, शेजारच्या सविताबेन त्यांच्या दारात. डफ सुरू झाला आणि माय उठल्या. कुणाचा हात न धरता. ओट्याची पायरी उतरल्या. पाय ठेक्यावर पडत होते, एकदाही चिकटले नाहीत. मी ताट तसंच धरून बघत राहिले.

इथपर्यंतही ठीक आहे, त्याचं उत्तर मला पुढे मिळालं. पण गल्लीच्या मध्यावर माय थांबल्या, समोर बघितलं आणि म्हणाल्या, "उनी का वं?" म्हणजे, आलीस का गं? हातांची कैची करून पुढे केली, पावलं जुळवली... आणि मागे झुकल्या.

फुगडी खेळलेल्या बाईला सांगायला नको. समोरचीने हात सोडला की आपण पाठीवर आपटतो. तोल आपला नसतोच, दोघींचा मिळून असतो. हे मी शाळेत मुलींना उभं करून शिकवायची. मायंच्या समोर कोणी नव्हतं. तरी त्यांची कोपरं सरळ ताणलेली होती, मुठी आवळलेल्या, अंग इतकं मागे गेलेलं की अंबाडा सुटला. अशा त्या फिरल्या. पाच फेरे, सात फेरे, मी मोजले नाहीत. हे धावले, पण जवळ जाऊन थबकले. मधे शिरलो तर कुणाला तरी धक्का लागेल असं वाटलं, असं ते नंतर म्हणाले.

मग वेग कमी झाला. माय सरळ झाल्या, हात सुटले. धापा टाकत, हसत त्या चालत माझ्यापाशी आल्या. चालत! हसू हळूहळू ओसरलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "गोदी गई. तिनी सांगं. तू माले सांगं नही."

तिनेच सांगितलं, तू सांगितलं नाहीस, असं म्हणताना रागाचा सूर नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. हे ओट्यावर बसून लहान मुलासारखे रडले.

मनगटावर वळ होते का? नव्हते, मी बघितलं. बातमी कानावर पडली असेल का? असेलही, दोन खोल्यांचं घर ते. न्यूरोच्या डॉक्टरांनी बाकीचं समजावलं. चालण्याची एक वाट मेंदूत बंद पडली तरी ताल कधी कधी दुसऱ्या वाटेने पायांपर्यंत पोचतो, नाचल्याने मनही उघडतं. "बेन, एमने रोज नचावो," त्यांना रोज नाचवा, असं म्हणाले. मी मागे झुकण्याचं विचारलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, ते मी बघितलेलं नाही. घरी येऊन मी गाद्या अंथरून स्वतः तसं झुकून बघितलं. तीनदा आपटले. चौथ्यांदा ह्यांनी दार उघडलं म्हणून थांबले.

डफाची एक कॅसेट आणली. रोज सकाळी शाळेला जाण्याआधी पुढच्या खोलीत मी आणि माय नाचायचो. त्यांची झोप सुधारली, जेवण वाढलं, दोन-चार शब्दांची वाक्यं झाली. आजार गेला नाही, पण खुर्ची सुटली. आणि शेवटी फुगडी. माझे हात धरून त्या सरळ, काठीसारख्या उभ्या राहून फिरायच्या. झुकायच्या नाहीत.

एकदा मी म्हटलं, "झुका ना माय, मी धरलंय."

माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू पत्र वाचस."

एवढंच. तू पत्र वाचतेस. मी तिथेच खाली बसले, त्यांचे पाय धरले आणि माफी मागितली. पत्रं खोटी होती, सगळी मी रचली, असं तोंडाने कबूल केलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पण त्यानंतरही झुकल्या नाहीत, अख्खं वर्ष.

पुढच्या श्रावणात, कानबाईच्या सोमवारी, त्याच गल्लीत आम्ही हात धरले. दुसऱ्या फेऱ्याला माझी कोपरं एकदम ताणली गेली. माय मागे झुकल्या होत्या. मला पाय रोवून, दात आवळून सगळा जोर लावावा लागला, इतक्या त्या जड होत्या. आदल्या वर्षी हे वजन कुणीतरी पेललं होतं. कुणी, ते मला आजही सांगता येत नाही.