टी-सेल्स हिरव्या का होईनात

"परत एकदा फोकस करा," आमचे प्रमुख देसाई सर म्हणाले.

फोकस बरोबर होता. मायक्रोस्कोपच्या स्क्रीनवर काळोख होता आणि तो अगदी स्पष्ट दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. इनामदार येणार होत्या, आमची पद्धत पुढे न्यायची का ते ठरवायला. पुण्यातल्याच एका हॉस्पिटलमध्ये त्या ब्लड कॅन्सरचे पेशंट बघतात. पेशंटच्या रक्तातल्या टी-सेल्स, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बाहेर काढायच्या, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायच्या, असा त्यांचा उपचार. शिकवायचं तर पेशीच्या आत जनुकीय संदेश पोचवावा लागतो. सहसा त्यासाठी निरुपद्रवी केलेला व्हायरस वापरतात. आमची छोटी कंपनी तेच काम चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्यांनी, म्हणजे नॅनोपार्टिकल्सनी, करू बघत होती. चाचणीसाठी आम्ही गोळ्यांत हिरवं चमकणारं प्रोटीन बनवायची कृती भरायचो. कृती आत पोचली की पेशी हिरवी दिसते.

आमची एकही दिसत नव्हती.

"सेल लाइनमध्ये तर दिवाळी होती," सर म्हणाले. "उद्या तीच दाखवा."

सेल लाइन म्हणजे बाटलीत वर्षानुवर्षं वाढणाऱ्या, सगळ्याला सरावलेल्या पेशी. माणसाच्या रक्तातून नुकत्याच काढलेल्या पेशींना प्रायमरी सेल्स म्हणतात. आमच्या टी-सेल्स तशा होत्या, एका निरोगी डोनरच्या. त्या बाहेरचं काही सहजासहजी आत घेत नाहीत.

"सर, सेल लाइन पेशंटला द्यायची नाहीये. डॉ. इनामदार तेच बघून हो म्हणाल्या तर?"

"मग काळोख दाखवता का? त्याला स्लाइडसुद्धा लागत नाही. दिवा बंद केला की झालं."

ते केबिनमध्ये गेले. मला खुर्चीत बसवेना. गोळ्यांचा आकार परत मोजला, मशीन परत तपासलं. सगळं ठीक होतं. ठीक असण्याचाच राग येत होता.

माझी सहकारी स्नेहा मेश्राम पेशी ऊबदार ठेवणाऱ्या इन्क्युबेटरपाशी उभी होती. मूळची चंद्रपूरची, पीएचडी करून आमच्याकडे आलेली.

"डोनरच्या पेशी एकाच प्रयोगापुरत्या उरल्यात मॅडम," ती म्हणाली. "काय बदलायचं ते आत्ताच ठरवू."

"बदलायला उरलंय काय? गोळ्या त्याच, कृती तीच. फरक फक्त पेशींचा."

"पेशींचाच कसा? मीडियम पण वेगळं आहे ना."

मीडियम म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढतात तो. सेल लाइनच्या मीडियममध्ये सीरम, म्हणजे जनावराच्या रक्तातला द्रव, घातलेलं होतं. टी-सेल्स पेशंटला द्यायच्या असल्यानं त्यात जनावराचं काही नको, ही डॉ. इनामदारांची अट होती. म्हणून आम्ही सीरम काढून टाकलं होतं.

मी टेबलाला टेकले. सीरममध्ये चरबी वाहून नेणारं एक प्रोटीन असतं. ते आमच्या गोळीवर चढतं आणि त्याची ओळख पटली की पेशी गोळीला आत घेते. आम्ही पाहुणा पाठवला होता आणि त्याची ओळख करून देणाऱ्यालाच घरी बसवलं होतं.

ते प्रोटीन मानवी स्वरूपात, शुद्ध केलेलं मिळतं. एका दुसऱ्या टीमच्या फ्रीझरमध्ये छोटी कुपी होती. त्यांच्या प्रमुखाकडे मागायला गेले. "परत देणार ना?" त्यांनी विचारलं.

"वापरलेलं कसं देऊ?"

"तेच म्हणतोय," म्हणत त्यांनी कुपी दिली.

उरलेल्या पेशींचे दोन भाग केले. एकात प्रोटीन घातलं, दुसऱ्यात नाही. दोन्हीत सारख्याच गोळ्या सोडल्या आणि प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवली. आता वाट बघण्याखेरीज काही नव्हतं, आणि मला तेच जमत नाही. वारज्याला घरी जाऊन दूध तापत ठेवलं, ते उतू गेलं. नवरा म्हणाला, "आज तू गॅसपासून लांबच राहा."

सकाळी लवकर निघाले, पण डॉ. इनामदार माझ्याआधीच पोचल्या होत्या. सर त्यांना चहाचा आग्रह करत होते. सेल लाइनची स्लाइड लॅपटॉपवर उघडलेली होती.

"चहा नंतर," बाई म्हणाल्या. "माणसाच्या पेशी कुठेत?"

"अजून आम्हीही बघितलेल्या नाहीत," मी म्हणाले. सरांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं भाषांतर नको.

"छान. मग एकदमच बघू."

स्नेहानं प्लेट ठेवली. आधी प्रोटीन नसलेला भाग. काळोख. सर खाकरले. मी प्लेट सरकवली. स्क्रीनवर एक हिरवा ठिपका आला. मग दुसरा. फोकस केल्यावर कितीतरी. सगळ्या पेशी हिरव्या नव्हत्या, निम्म्याही नसतील. पण होत्या. स्नेहानं माझं मनगट घट्ट धरलं होतं, हे मला नंतर कळलं.

डॉ. इनामदार स्क्रीनकडे वाकल्या. मग म्हणाल्या, "यातल्या मेल्या किती?"

"मोजायचंय अजून."

"मोजा. आणि ठीक असेल तर मी पेशंटच्या पेशी पाठवते. औषधांनी थकलेल्या असतात, याहून जास्त त्रास देतील." मग त्यांनी चहा मागवला.

जिवंत पेशी पुरेशा निघाल्या. पेशंटच्या पेशी आल्या आणि बाई म्हणाल्या होत्या तसा त्यांनी त्रास दिला. अजून देतायत.

एकाच प्रयोगात दोन गोष्टी बदलल्या, की अपयशाचं खापर आपण त्यातल्या अवघड गोष्टीवर फोडतो. पेशी अवघड होत्या, म्हणून आम्ही पेशींनाच नावं ठेवली. मीडियम बाटलीतून ओतायचं असतं, त्याला कोण विचारतो?