शेजारच्या आजोबांची ब्रिटिश गाडी

मी कम्युनिस्ट घरात, पत्रकांच्या घड्या घालत वाढले, त्यामुळे मोटार म्हणजे श्रीमंतांची चैन हे माझं ठाम मत. नेदरलँड्समध्ये, रायस्वाइकला, शेजारचे डच आजोबा मला त्यावरून 'कॉम्रेड' म्हणत. त्यांच्याकडे दोन महायुद्धांच्या मधली एक छोटी ब्रिटिश गाडी होती, पुढून हँडल मारून सुरू होणारी. त्यांचा खांदा निकामी झाला, तेव्हा त्यांनी ती विकायला काढली. गिऱ्हाईक दुपारी येणार होतं.

"एकदा सुरू करून देशील? शेवटचा आवाज ऐकतो," आजोबा म्हणाले.

"भांडवलदारांची गाडी? मी?"

"अगं, ही कंपनी कारकुनांसाठी, शिक्षकांसाठी स्वस्त गाड्या बनवायची. मोठ्या कारखान्यांनी आणखी स्वस्त विकल्या आणि ही बुडाली. कामगार रस्त्यावर आले. बसतं का तुझ्या पत्रकात?"

मी हातातली सायकल भिंतीला टेकवली.

"अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. हँडल उलटं फिरलं तर अंगठा मोडेल."

दोन-तीन झटक्यांनंतर गाडी खोकली आणि धडधडू लागली. आजोबा बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे राहिले.

"दर रविवारी मी हँडल मारते," मी म्हणाले. "त्या माणसाला नाही म्हणून कळवा."

त्यांनी लगेच फोन काढला. "भांडवलदारांचा धूर चालेल ना, कॉम्रेड?"